साठ टक्क्यांच्या बाई

सुट्टीच्या दिवशी घरात विमानाचा विषय काढायचा नाही असा सासूबाईंचा दंडक होता, आणि तो मोडायचा मानही दर वेळी सासूबाईंचाच असे.

"या महिन्यातही शेवटचाच का गं नंबर?" मटारच्या शेंगेचं पोट अंगठ्यानं फोडत त्यांनी विचारलं.

"शेवटचाच." कॅप्टन बाई ओट्यापाशी दुधावर नजर ठेवून उभ्या होत्या.

"अकरा महिने झाले! शाळेत असतीस तर मास्तरांनी बापाला बोलावून घेतलं असतं."

"आमच्या बापानं मास्तरांनाच चार गोष्टी सुनावल्या असत्या."

"ते दिसतंच आहे. बी तसं रोप."

हा शेवटचा नंबर म्हणजे कंपनीतल्या यादीतला. वैमानिकांच्या खोलीत, चहाच्या यंत्राशेजारी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक कागद लागायचा. उतरताना, शेवटच्या तीन हजार फुटांत कोण किती इंधन जाळतो, त्याची क्रमवारी. सर्वांत कमी जाळणारा वर, सर्वांत जास्त जाळणारा खाली. एकोणचाळीस नावं होती आणि बाई एकोणचाळिसाव्या. चहा घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी आपलं नाव शोधायचा, मग बाईंचं जागच्या जागी आहे ना ते बघायचा, आणि मग समाधानानं बटण दाबायचा.

नवरा शाळेत भूगोल शिकवायला केव्हाच निघून गेला होता. धुतलेले दोन पांढरे शर्ट खुर्चीच्या पाठीवर वाळत होते. दूध वर येऊ लागलं, बाईंनी गॅस बारीक केला, आणि तेवढ्यात दार वाजलं. बेल होती, चालूही होती, तरी दारच वाजलं. हलकं, दोनदा.

"बघ कोण आहे," सासूबाई म्हणाल्या. "बेल दाबायचा धीर नसलेलं माणूस आहे. नीट बोल."

दारात यादीतला पहिला नंबर उभा होता.

त्याला हे नाव यादीमुळेच पडलं होतं. वय तिशीच्या आतलं, आठ महिन्यांपूर्वी कॅप्टन झालेला, बाईंच्या हाताखालीच शिकलेला. एरवी भांग पाडून, बूट चकाकवून हिंडणारा. आज शर्टाची गुंडी एक घर सोडून लागली होती. हातात लांबट लिफाफा होता.

"मॅडम, काल संध्याकाळचं कळलंच असेल."

"कळलं. आत ये. आधी गुंडी नीट लाव, नाहीतर आमच्या सासूबाई तुझी बाजू ऐकून न घेताच निकाल देतील."

तो बसला. सासूबाईंनी न विचारता शेंगांची अर्धी रास त्याच्यापुढे सरकवली. "हात चालू ठेव बाळा, तोंड आपोआप सुटतं."

खरंच सुटलं. काल संध्याकाळी उतरताना त्याचं विमान धावपट्टीवर आदळलं होतं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण उजव्या चाकाच्या दांड्याला इजा झाली होती आणि विमान हँगरमध्ये ठेवावं लागलं होतं. आज अकरा वाजता चौकशी होती. लिफाफ्यात जो कागद होता त्यावर सही केली, तर दोन वर्षं पुन्हा उजव्या खुर्चीत कोपायलट म्हणून बसायचं आणि प्रकरण तिथंच मिटायचं. नाही केली, तर फाइल परवाना देणाऱ्या वरच्या कचेरीत जायची. तिथून काय होऊन येईल ते कुणी सांगावं!

बाईंनी कागद वाचला. मजकूर एका ओळीचा होता. 'वैमानिकाने इंजिनाची शक्ती वाढवण्यास विलंब केला.'

"केलास का विलंब?"

तो शेंगेकडे बघत राहिला. "तसंच म्हणायचं आता."

"तू काय म्हणायचं ते मी विचारलं नाही. झालं काय, ते विचारलं."

"मॅडम, सही करून टाकतो. दोन वर्षं काय, जातील."

"जातील ना," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "माझीही अशीच गेली होती. शिवणाच्या कारखान्यात बाही दुसरीनं उलटी लावली, नि कबुलीवर सही माझी. गप्प बसले. दोन वर्षं काजं करत बसवलं मला. पण नंतर कुणी विचारलं की आजही 'त्या उलट्या बाहीवाल्या' म्हणूनच ओळख निघते. पन्नास वर्षं झाली."

 बाईंनी गॅस बंद केला.

"मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला बोलावलेलं नाही मॅडम."

"म्हणून तर येते. बोलावलं असतं तर विचार केला असता."

*

बाईंची गोष्ट तशी चार ओळींत संपण्यासारखी. सहा वर्षं त्यांनी विमानतळावर तिकिटांच्या खिडकीत काढली. लोकांच्या बॅगा तोलता तोलता एक दिवस मनात आलं, की ज्यात या बॅगा जातात ते हाकायला आपल्याला का येऊ नये. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. नात्यातल्या बायका म्हणाल्या, लग्नाच्या वयात हिला पंख फुटले. बाई म्हणाल्या, तुम्हाला फुटले असते तर तुम्ही काय ते भाजीत चिरून घातले असते? आणि गेल्या शिकायला. आधी पंख्याची छोटी विमानं, मग हे सत्तर खुर्च्यांचं जेट. शेपटाशी दोन इंजिनं, तासा-पाऊण तासाच्या फेऱ्या, दिवसात कधी चार तर कधी सहा वेळा उतरायचं. एकोणीस वर्षांत किती वेळा उतरल्या, ते मोजणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

या विमानाचं एक वैशिष्ट्य होतं. मोठ्या विमानांत वेग राखायला इंजिनाची ताकद आपोआप कमीजास्त करणारी सोय असते, यात नव्हती. दोन थ्रॉटलचे दांडे, ते हातानं पुढे सारायचे, हातानं मागे घ्यायचे. वेग बघायचा डोळ्यांनी, ताकद द्यायची हातानं, आणि दोन्हींच्या मध्ये जो वेळ जातो तो सांभाळायचा डोक्यानं. नव्या माणसाचं नेमकं हे मधलं गणित चुकतं. वेग दोनानं घसरला की तो थ्रॉटल रेटतो. इंजिन ऐकेपर्यंत त्याला धीर नसतो, म्हणून आणखी रेटतो. मग वेग भसकन वाढतो की मागे ओढतो. विमान नुसते झोके घेत उतरतं आणि मागची माणसं पोट धरून बसतात.

बाई शिकवायच्या ते तीन शब्दांत. "हलव. मोज. बघ." थ्रॉटल बोटभर हलव, मनात तीन मोज, आणि मगच वेगाच्या आकड्याकडे बघ. तोवर हात मांजरासारखा निजू दे. मुलं चेष्टेनं उड्डाणाच्या आधीच तीन मोजायची, जेवताना चमचा तोंडात घालून तीन मोजायची. पण त्या मुलांची विमानं झोके घेत नसत.

आणि दुसरा त्यांचा हट्ट साठ टक्क्यांचा. हजार फुटांवर आलं, की चाकं बाहेर, पंखांच्या मागच्या पट्ट्या म्हणजे फ्लॅप पूर्ण खाली, वेग ठरलेला, आणि इंजिनं साठ टक्क्यांवर. एवढं जमलं तर उतरायचं, नाही तर थ्रॉटल पुढे आणि चला पुन्हा वर. चाकं आणि फ्लॅप खाली असले की हवा विमानाला मागे ओढते आणि त्या ओढीला पुरून उरायला तेवढी ताकद लागतेच. त्यात इंधन जळतं. बाई म्हणायच्या, जळू दे. घरातही हा शब्द मुरला होता. भाजी शिजली का विचारलं, तर नवरा झाकण उचलून सांगे, "साठ टक्के."

यादी आली आणि हे उलटं झालं. वर नाव यायला हवं असेल, तर थ्रॉटल पार मागे घेऊन घसरत यायचं. वेग जास्तच ठेवायचा, चाकं आणि फ्लॅप उशिरा काढायचे, आणि वेग गळत गळत ठरलेल्या आकड्यावर येईल तेव्हा कुठं इंजिनाला जागं करायचं. कुणी पाचशे फुटांवर करी, कुणी चारशेवर. जो जितका खाली नेईल तितका यादीत वर चढे.

*

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, गरजेपेक्षा थंड हवा, आणि खिडकीतून समोरच हँगर. आत ते विमान उजव्या बाजूनं उचलून ठेवलेलं दिसत होतं. दवाखान्यात पाय वर बांधलेला माणूस असावा तसं.

टेबलाच्या टोकाला मोठे साहेब होते. उड्डाण विभागाचे प्रमुख. तेरा वर्षांपूर्वी ते बाईंच्या उजवीकडे बसून शिकले होते आणि तेव्हा त्यांना बाई 'अरे' म्हणायच्या. आता चारचौघांत 'साहेब' म्हणत. पण साहेबांना मनातून अजून 'अरे'च ऐकू येई, आणि त्यामुळे ते बाईंशी बोलताना जरा जास्तच ताठ बसत. शेजारी नोंदीवाला होता, विमानातल्या यंत्राची नोंद काढून तिचे आलेख छापणारा. अबोल माणूस.

"मॅडम, आज तुमची सुट्टी आहे," साहेब म्हणाले.

"हो ना. म्हणून वेळच वेळ आहे."

"ही चौकशी बंद दाराआड असते."

"लावून घेते की." बाईंनी उठून दार लावलं आणि पुन्हा बसल्या. "मी याची प्रशिक्षक होते. याच्या कॅप्टनपदाच्या कागदावर माझी सही आहे. उलटतपासणी अर्ध्या माणसाची कशाला करता?"

साहेबांनी उसासा टाकून एक आलेख पुढे सरकवला. शेवटच्या दहा सेकंदांचा. एक रेघ वेगाची, एक इंजिनाच्या ताकदीची. वेगाची उतरत जाते, ताकदीची शेवटपर्यंत जमिनीलगत सरपटते आणि चाकं टेकता टेकता उभी चढते. "पाहा. अगदी स्वच्छ आहे. ताकद आली, पण वेळ निघून गेल्यावर."

"आधीचं कुठाय?"

"आधी सगळं ठीक होतं. पाचशे फुटांवरच्या तपासणीत हिरवी खूण आहे. वेग मर्यादेत, मार्ग बरोबर, चाकं खाली."

"आणि ताकद?"

"ती त्या तपासणीत नसते."

"असायची. चार रकाने होते, मी स्वतः भरलेत. यादी सुरू झाली त्याच महिन्यात चौथा उडाला. कारण तो ठेवला असता तर यादीतल्या वरच्या दहाही जणांना दर फेरीला लाल खूण मिळाली असती." बाई नोंदीवाल्याकडे वळल्या. "दादा, शेवटच्या तीन मिनिटांचा छापता का? तीन हजार फुटांपासूनचा."

नोंदीवाल्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी छताकडे. छतानं हरकत घेतली नाही, तेव्हा तो उठून गेला आणि पाच मिनिटांत लांबच लांब कागद घेऊन आला. बाईंनी तो टेबलावर पसरला. एका टोकाला पाण्याचा पेला ठेवला, दुसऱ्या टोकाला साहेबांचा मोबाइल.

तीन हजार फुटांपासून ताकदीची रेघ तळाशी होती. दोन हजारांवर तळाशी. हजारावर, पाचशेवर, तळाशी. वेग मात्र एकशे नव्वदवरून देखण्या उतारानं खाली आलेला, जणू कुणी पट्टी धरून काढलेला.

"वेग बरोबर होता, हे खरं," बाई म्हणाल्या. "पण बरोबर वेग दोन तऱ्हेचा असतो, साहेब. एक इंजिनानं धरून ठेवलेला आणि एक निसटता निसटता आकड्यापाशी दिसलेला. जिन्यावर उभा असलेला माणूस आणि जिन्यावरून पडणारा माणूस, दोघंही एका क्षणी पाचव्या पायरीवरच असतात. तुमचं यंत्र पाचव्या पायरीला हिरवी खूण देतं."

नोंदीवाल्याला हसू आलं. त्यानं ते खोकून घालवलं.

बाईंचं बोट पुढे सरकत होतं. दीडशे फूट. इथं ठरलेला वेग आला होता, आणि इथंच थ्रॉटलची तिसरी, बारीक ठिपक्यांची रेघ पहिल्यांदा हललेली होती. नेहमीच्या साठाच्या जागेपर्यंत सारलेली. मग ती सरळ. समोरचा वारा इथं पडला असावा, कारण वेग एकदम सातानं खाली. तरी ठिपके सरळच. आणि मग एकदम टोकापर्यंत.

बाईंनी त्या सरळ तुकड्याखाली नख ठेवलं. आलेखावर सेकंदांच्या उभ्या रेघा होत्या. एक. दोन. तीन.

नेमक्या तीन.

  बाईंनी मान वळवून पहिल्या नंबराकडे पाहिलं. तो खिडकीतून हँगरकडे बघत होता, अगदी लक्ष देऊन, जणू तिथलं विमान आत्ता उठून चालू लागणार होतं.

"तू मोजलेस," बाई हळू म्हणाल्या.

"नाही मॅडम. मी घाबरलो होतो. हात गोठला."

"खोटं बोलू नकोस. घाबरलेला माणूस नेमके तीन मोजत नाही. एक तरी मोजतो, नाहीतर दहा." त्यांचा आवाज चढला. "सकाळपासून तोंड शिवून बसलास ते यासाठी? माझं नाव येऊ नये म्हणून? मी तुला मोजायला शिकवलं, पाठीशी घालायला नाही!"

"मॅडम, तुमच्या पद्धतीनं आजवर कुणाचं काही बिघडलं नाही," तो आता खरंच चिडून बोलला. "माझ्याच हातून बिघडलं. मग चूक कुणाची?"

"काय चाललंय, मला कुणी सांगेल का?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. पेल्यातलं पाणी पिऊन, सरळ बसून, सगळं सांगितलं. इंजिन साठावर फिरत असलं, की थोडं दिलं तर लगेच ऐकतं. तिथं तीन मोजणं म्हणजे शहाणपण. पण तेच इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतं तेवत ठेवलेलं असलं, तर तळापासून उठायला त्याला सहा-सात सेकंद लागतात. तिथं तीन मोजणं म्हणजे जवळचा निम्मा वेळ फुकट घालवणं. "हे मी कुणालाच सांगितलं नाही. कारण माझ्या शेजारी बसून कुणी दीडशे फुटांवर आयडलवर येईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी साठ टक्के शिकवले, ते तुमच्या यादीनं काढून घेतले. मी तीन मोजायला शिकवलं, ते त्याच्या डोक्यात राहिलं. अर्धं माझं आणि अर्धं तुमचं जोडून या पोरानं विमान उतरवलं. ते आदळणार नाही तर काय!"

साहेब पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित सुटल्याचा भाव आला होता, आणि बाईंनी तो टिपला.

"म्हणजे ही प्रशिक्षणातली उणीव झाली," ते म्हणाले. "तसं लिहू. वैमानिकाचा दोष नाही. प्रशिक्षकाच्या पद्धतीत त्रुटी. तुम्ही सही करा. याला दोन वर्षं मागे जावं लागणार नाही. आणि यादीचा विषय यात आणायचं कारणच उरत नाही."

"मॅडम, नको," तो म्हणाला.

"तू गप्प बस. मोठी माणसं भांडतायत." बाईंनी पर्समधून पेन काढलं. "लिहा साहेब. पहिलं वाक्य तुमचंच घ्या. प्रशिक्षकानं आयडलवरच्या इंजिनाबद्दल वेगळं शिकवलं नाही. त्याखाली मी सही करते, डोळे मिटून. दुसरं वाक्य मी सांगते. कंपनीच्या यादीमुळे वैमानिक दीडशे फुटांपर्यंत आयडलवर येऊ लागले, आणि तपासणीतला ताकदीचा रकाना काढून टाकला होता. आणि हा तीन मिनिटांचा कागद सोबत जोडा, दहा सेकंदांचा नाही."

"दुसरं वाक्य मला लिहिता येणार नाही. यादी वरून आली आहे."

"मग पहिलंही खोडा. अर्धं खरं मी सही करून देत नाही."

"ताई," साहेब म्हणाले, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द कामाच्या जागी निसटला. "समजून घ्या ना. असं काही अहवालात गेलं, तर पहिली कुऱ्हाड तुमच्यावर पडेल. शिकवायचं काम काढून घेतील."

"घेऊ देत."

"चौदा वर्षं शिकवताय."

"म्हणूनच म्हणते, घेऊ देत. अरे, एकोणचाळीस जणांतले निम्मे माझ्या हातचे आहेत." 'अरे' आलंच शेवटी, आणि दोघांपैकी कुणालाच ते खटकलं नाही. "आज संध्याकाळी त्यातले दहा जण असेच घसरत येतील आणि खाली येऊन मनात तीन मोजतील. याच्या वेळी वारा सातानं पडला, कुणाच्या तरी वेळी पंधरानं पडेल. मला शिकवायला ठेवा नाहीतर काढा, पण आजच्या आज सगळ्यांना निरोप जाऊ दे. हजार फुटांना साठ टक्के, नाहीतर पुन्हा वर. तू नाही पाठवलास तर मी चहाच्या यंत्रापाशी खुर्ची टाकून बसेन आणि येईल त्याला सांगेन. शेवटच्या नंबराच्या बाईला तेवढा मान आहे अजून."

"आणि मी सांगेन," तो मध्येच म्हणाला. "पहिल्या नंबरानं सांगितलेलं जास्त ऐकतील."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. बोटानं ते तीन सेकंद त्यांनीही एकदा मोजले. ओठ हलत होते. शिकाऊ असताना हलायचे तसेच. मग नोंदीवाल्याला म्हणाले, "याच्या चार प्रती काढा. एक अहवालाला, एक वरच्या कचेरीला. निरोप मी लिहितो."

पुढे एक तास घासाघीस चालली. साहेबांना 'यादीमुळे' ऐवजी 'इंधनबचतीच्या मोहिमेच्या काळात' लिहायचं होतं. बाई म्हणाल्या, मोहीम लढाईवर जाते, ही भिंतीवर लागते, यादीच लिहा. शेवटी 'यादीमुळे' असंच राहिलं. त्या एका शब्दाची सजा म्हणून आणखी एक ओळ आली: पुढचा निर्णय होईपर्यंत बाईंकडचं प्रशिक्षणाचं काम काढून घेण्यात येत आहे. बाईंनी ती वाचली, शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि सही केली. पहिल्या नंबराला सिम्युलेटरवर तीन सत्रं आणि मग पुन्हा डावी खुर्ची.

"म्हणजे झालं की सगळं," बाई पर्स उचलत म्हणाल्या.

"कुठलं झालं!" साहेबांनी समोरच्या संगणकावर पुढच्या आठवड्याची ड्यूटी उघडली आणि कपाळाला हात लावला. "याला डावीकडे बसवीन हो. उजवीकडे कोण बसणार? सकाळपासून तीन कोपायलटांनी ड्यूटी बदलून मागितली आहे. दोघांना ताप आहे, तिसऱ्याची मावशी अत्यवस्थ आहे."

"ती मागच्या वर्षी वारली ना?" नोंदीवाल्यानं दिवसातलं आपलं एकुलतं वाक्य उच्चारलं.

कुणी हसलं नाही. तो पोरगा टेबलाच्या कडेला उभा होता आणि पडद्यावरच्या आपल्या नावासमोरच्या रिकाम्या चौकटीकडे बघत होता. आदळलेल्या माणसाशेजारी कुणाला बसायचं नसतं. खुर्ची परत मिळाली, तरी ती चौकट अशीच दोन आठवडे रिकामी राहिली, की पुढं त्याला कुणी काढायचीही गरज पडत नाही. माणूस आपणच सोडून जातो. बाईंनी असे दोघं जाताना पाहिले होते.

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

"माझं एक मागणं आहे," त्या म्हणाल्या.

"यादी काढा म्हणू नका, ताई. माझ्या हातात नाही."

"ते मी रोज म्हणत राहीन, ते आजचं नाही. शिकवायचं कामही परत मागत नाही. एवढंसं आहे. उजव्या खुर्चीत बसायची माझी परवानगी या महिनाअखेरपर्यंत चालू आहे. याची पहिली फेरी असेल त्या दिवशी त्या चौकटीत माझं नाव घाला."